देवलापारचा ट्रक आणि स्कीमच्या गेटवरचं मशीन

प्रश्न : आमच्या फ्लॅट स्कीमच्या गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवायचं घाटतंय. फ्लॅटमालकांना ऐच्छिक, पण कामवाल्या बाया, ड्रायव्हर, इस्त्रीवाला यांना सक्तीचं. माझ्या मनाला हे पटत नाही. सेक्रेटरी म्हणतात, देवलापारचा ट्रक कॅमेऱ्यांमुळेच सापडला, मग भ्यायचं कशाला? त्यांना काय सांगू? आणि बाकी सगळे गप्प असताना मी एकटीनेच बोलायचं का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, सेक्रेटरींचं उदाहरण खरं आहे, म्हणून आधी तेच नीट पाहू.

९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमा. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ ट्रकच्या धडकेत दुचाकीवरची एक महिला गेली. मदतीला कुणी थांबलं नाही. नवऱ्याला तिचा मृतदेह दुचाकीला बांधून न्यावा लागला. ट्रकचा नंबर त्याला सांगता येत नव्हता; लाल खुणा होत्या, एवढंच आठवत होतं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी पंधरा-वीस किलोमीटरच्या अंतराने असलेल्या तीन टोलनाक्यांचं चित्रण घेतलं आणि राज्य सरकारने २०२४ मध्ये नागपुरात उभ्या केलेल्या ‘मार्व्हल’च्या संगणकप्रणालीकडून ते तपासून घेतलं. आधी लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले गेले. मग त्यांचा सरासरी वेग पाहून अपघाताच्या वेळी त्या जागी कोणता असू शकतो, हे ठरवलं गेलं. ३६ तासांत तो ट्रक सुमारे ७०० किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर मार्गावर सापडला. हे काम मोलाचं आहे आणि त्याबद्दल पोलिसांचं कौतुकच करायला हवं.

पण तिथे काय घडलं ते बघा. आधी गुन्हा घडला, मग शोध सुरू झाला. रस्ता एक, वेळ ठरलेली, शोधायची वस्तू एक. त्यासाठी रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा चेहरा आधीपासून साठवून ठेवावा लागला नाही. तुमच्या गेटवर गुन्हा घडलेला नाही, कुणावर संशय नाही, तरी पंचवीस-तीस माणसांचे चेहरे कायमचे जमा होणार. आणि तेही फक्त पोटासाठी गेटमधून येणाऱ्यांचे. मशीन सुरक्षेसाठी असेल तर मालकांना ते ऐच्छिक का, हा पहिला प्रश्न मी बैठकीत विचारला असता.

आता मशीन काय करतं ते सांगते, कारण ‘फोटोच तर काढतोय’ असं कुणीतरी म्हणणारच. फोटो ही फक्त सुरुवात असते. चित्रात चेहरा कुठे आहे ते संगणक आधी शोधतो, तो सरळ करून घेतो आणि त्यापासून आकड्यांची एक रांग बनवतो. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘फेसनेट’ नावाची पद्धत मांडली, त्यात एका चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. दुसऱ्या दिवशी त्याच बाईंच्या चेहऱ्याचे आकडे पुन्हा निघतात आणि जुन्यांशी ताडले जातात. फरक ठरवलेल्या मर्यादेच्या आत असला की दार उघडतं. म्हणजे यंत्र ‘ही तीच’ असं ठामपणे कधीच म्हणत नाही. ते ‘पुरेशी सारखी दिसते’ एवढंच म्हणतं, आणि पुरेशी म्हणजे किती, हे कुणीतरी माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरात ही मर्यादा ८० टक्के असल्याचं २०२२ मध्ये समोर आलं. ८० टक्के साम्य तर सख्ख्या बहिणींतही निघू शकेल!

फोन उघडताना तुमचा चेहरा एकाच चेहऱ्याशी ताडला जातो. चौकातला कॅमेरा तोच चेहरा हजारो चेहऱ्यांच्या यादीशी ताडू लागला की गोष्ट बदलते. समजा, यंत्र हजारात एकदाच चुकतं. सीताबर्डीवरून दिवसात एक लाख माणसं गेली, तर रोज शंभर निरपराध माणसांकडे बोट दाखवलं जाईल. शिवाय चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका एक टक्क्याच्याही आत होत्या, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या ३४ टक्क्यांपर्यंत गेल्या. सकाळी सहाच्या अंधारात, डोक्यावर पदर घेऊन गेटवर उभ्या राहणाऱ्या बाईंचं काय होईल, याचा विचार मशीन विकणारा करणार नाही. तो तुम्हालाच करावा लागेल.

यंत्राने नाही म्हटलं की काय होतं, ते आपल्या अंगणवाड्यांनी पाहिलंय. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देण्याआधी लाभार्थीचा चेहरा ‘पोषण ट्रॅकर’मध्ये पडताळणं सक्तीचं झालं. नेटवर्क नाही, आधारला जोडलेला नंबर नवऱ्याकडे, ओटीपी दुसऱ्याच फोनवर, अशा तक्रारी सेविकांनी वारंवार मांडल्या. बाई समोर उभी आहे, सेविका तिला नावाने ओळखते, तरी पाकीट देता येत नाही. म्हणून तुमच्या गेटवर मशीन आलंच, तर त्याच्या शेजारी जुनं रजिस्टर राहिलंच पाहिजे. दोरीने पेन बांधलेली ती वही, ज्यात नाव, फ्लॅट नंबर आणि वेळ लिहिली जाते. वहीचं पान भरलं की ते उलटतं आणि विसरलं जातं. उद्या ती चोरीला गेली तरी कुणाचा चेहरा जात नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलून आणायचा?

कायद्याचं बळही तुमच्याकडे आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते आणि त्यांनी आपलं मत स्वतंत्रपणे लिहिलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती कशी असावी ते लिहून ठेवलंय : मोकळेपणी दिलेली, कशासाठी ते कळून दिलेली, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येणारी. सूचना मराठीत मागण्याचाही हक्क आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर थांबायचं कारण नाही. चांगली पद्धत आजच पाडता येते. आणि ‘नाही म्हटलं तर उद्यापासून गेटच्या आत येऊ नका’ असं ज्यांना ऐकावं लागेल, त्यांच्या होकाराला मोकळा होकार म्हणता येणार नाही, हे मी ठामपणे सांगते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकटीने बोलायचं का? हो. हैदराबादेत मे २०२१ मध्ये एस. क्यू. मसूद या सामाजिक कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात अडवलं, मास्क काढायला सांगितला आणि फोटो घेतला. त्यांनी आधी पोलिसांना नोटीस पाठवून विचारलं की हे कोणत्या कायद्याने केलंत. मग ते तेलंगणा उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. दिल्लीची ती ८० टक्क्यांची गोष्टही कुणीतरी अर्ज केला म्हणूनच बाहेर आली.

तुम्हाला तर कोर्टाची पायरीही चढायची नाही. बैठकीआधी तुमच्याकडे येणाऱ्या बाईंना आणि गेटवरच्या चौकीदाराला विचारा, त्यांना काय वाटतं. स्कीममधल्या कुणीच त्यांना विचारलेलं नसेल. मग सेक्रेटरींना एक पानाचं पत्र द्या. चेहऱ्यांचे आकडे मशीनमध्येच राहतील की कंपनीच्या सर्व्हरवर जातील? बाईंनी काम सोडलं तर ते कोण आणि किती दिवसांत पुसणार? कंपनीशी करार बंद झाला तर काय? कार्ड किंवा वहीची सोय राहील का? विकणाऱ्याकडून याची लेखी उत्तरं येईपर्यंत ठराव मांडू नका, एवढीच मागणी करा. अशा मागणीला नाही म्हणणं अवघड असतं, आणि गप्प बसलेल्यांपैकी दोघं-तिघं लगेच मान डोलावतील.

असेच प्रश्न गेटबाहेरच्या कॅमेऱ्यांबद्दलही विचारता येतात. नागपूर शहरातल्या चौकांत आज साडेतीन हजारांच्या वर सरकारी कॅमेरे आहेत. त्यांचं चित्रण किती दिवस ठेवतात, त्यावर चेहरे ताडले जातात का, हे पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारता येईल. साध्या कागदावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे विषय एकच ठेवा, मजकूर १५० शब्दांत बसवा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. स्कीमचं पत्र मात्र बैठकीच्या आधीच सेक्रेटरींच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.