स्त्रियांवरील अत्याचार आणि गीताचे कार्य



२५ नोव्हेंबर हा दिवस स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनासाठी पाळावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाने १९९९ मध्ये ठरविले. डोमिनिकन प्रजासत्ताकातील हुकूमशाहीस विरोध करणाऱ्या तीन मिराबाल भगिनींची १९६० मध्ये याच दिवशी हत्या झाली होती. तिचे स्मरण या दिवसामागे आहे. अशा निमित्ताने शाळांतून प्रभातफेरी निघते, मुली समूहगीत म्हणतात, ग्रामस्थ टाळ्या वाजवितात आणि कार्यक्रम संपतो. त्या गीताने नेमके काय साधले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. गीत हे शोभेचे साधन नव्हे. ते योग्य रीतीने योजिले तर फार मोठे काम करते आणि अविचाराने योजिले तर कधी कधी अपायही करते. यास्तव गीताचे सामर्थ्य कशात आहे व त्याची मर्यादा कोठे आहे, हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

मौनाचे स्वरूप

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झाले. त्यानुसार भारतातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेला आहे. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, पण झाला प्रकार कोणास सांगितलाही नाही. याच सर्वेक्षणात विचारलेल्या सात कारणांपैकी एखाद्या तरी कारणासाठी पतीने पत्नीस मारणे योग्य आहे, असे ४५ टक्के स्त्रियांनी व ४४ टक्के पुरुषांनी सांगितले.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. अत्याचार दोन खांबांवर उभा आहे. ‘यात गैर ते काय’ ही समजूत हा पहिला खांब, आणि ‘घरातील गोष्ट बाहेर सांगू नये’ ही शिकवण हा दुसरा. कायदा अपराध्यास शिक्षा देऊ शकतो. परंतु जी गोष्ट कोणी बोलतच नाही, तिच्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. गीताचे काम येथे सुरू होते.

जात्यावरील ओवी

महाराष्ट्रातील स्त्रीने आपले दुःख गीतातून सांगण्याची परंपरा फार जुनी आहे. पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी घरोघर पहाटे जाते फिरत असे. दोघी समोरासमोर बसत, खुंटा धरीत आणि दळणाच्या लयीवर ओवी गात. माहेर, भाऊ, लेकरे, देवधर्म, पाऊसपाणी हे विषय त्यांत असत. तसाच सासुरवास, नवऱ्याचा जाच आणि मुलीच्या जन्माविषयीची खंत हेही विषय असत. बोलून दाखविण्याची सोय नव्हती, ते ओवीत म्हणता येई. ओवी कोणा एकीची नसते. त्यामुळे ती म्हणणारीवर ठपका येत नसे.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून या ओव्यांचे संकलन आरंभिले. पुढे महाराष्ट्रातील शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केल्या असून अनेक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात ऐकता येतात.

आपल्या खेड्यापाड्यांतील स्त्री मुकी होती, ही कल्पना या संकलनाने खोटी ठरविली. ती बोलत होती; ऐकणारे मात्र मर्यादित होते. तिची ओवी समोर बसलेल्या जावेस, नणंदेस वा शेजारणीस ऐकू जाई. तिने मनाचा भार हलका होई. घराचा नियम मात्र बदलत नसे. गिरणी आली तेव्हा स्त्रीचे कष्ट वाचले, पण पहाटेची ती बोलण्याची जागाही गेली.

चौकातील गीत

ओवी घरातून चौकात आली, तेव्हा परिवर्तनास प्रारंभ झाला. गीतातून समाजप्रबोधन करण्याचा मार्ग महाराष्ट्रास नवा नव्हता. कीर्तन, भारूड, सत्यशोधक जलसे व आंबेडकरी जलसे यांनी तो आधीच मळलेला होता. त्या मार्गावरून १९७५ नंतर स्त्रियांचा प्रश्न घेऊन स्त्रियाच निघाल्या.

तो काळ अस्वस्थतेचा होता. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांस निर्दोष ठरविले, तेव्हा १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयास खुले पत्र लिहिले आणि देशभर चळवळ उभी राहिली. हुंड्यापायी होणारे मृत्यूही याच सुमारास चर्चेत आले.

मुंबईत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकर यांनी ‘मुलगी झाली हो’ हे संगीतप्रधान नाटक लिहिले. १९८३ पासून त्याचे प्रयोग सुरू झाले. मुलीच्या जन्मापासून विवाहापर्यंत तिच्या वाट्यास येणारा दुजाभाव, हुंडा व छळ हे त्याचे विषय होत. भपकेदार रंगमंच लागत नसल्याने ते वस्तीत, मैदानात, गावच्या पारावर कोठेही होऊ शके. महाराष्ट्रात व बाहेर त्याचे शेकड्यांनी प्रयोग झाले आणि अन्य भारतीय भाषांतही ते गेले. त्याच वर्षी, १९८३ मध्ये, पती व सासरची मंडळी यांच्याकडून होणाऱ्या क्रूर वागणुकीस भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ अन्वये स्वतंत्र अपराध ठरविण्यात आले. गीताने कायदा केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु कायद्यामागे जे लोकमत लागते ते घडविण्यात अशा गीतांचाही वाटा होता.

अशा गीताची शक्ती कशात असते, हे शिक्षकाने पाहावे. एक, चाल ओळखीची असते. त्यामुळे नवा विचार परका वाटत नाही. दोन, अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीसही ते पाठ होते. तीन, समूहात गाताना कोणा एका स्त्रीस ‘हे माझेच दुःख’ असे उघड करावे लागत नाही. तरी ते बोलले जाते. चार, श्रोता पालुपद धरतो, तेव्हा ते शब्द त्याच्या स्वतःच्या मुखातून निघतात. भाषण ऐकून सोडून देता येते. स्वतः गायिलेले तितक्या सहज सोडून देता येत नाही.

घरोघरी पोहोचलेले गीत

पुढे दूरचित्रवाणी घरोघर आली व गीतास नवे वाहन मिळाले. ब्रेकथ्रू या संस्थेने २००० मध्ये ‘मन के मंजीरे’ हा हिंदी गीतसंग्रह काढला. प्रसून जोशी यांची गीतरचना, शंतनु मोइत्रा यांचे संगीत व शुभा मुद्गल यांचा आवाज त्यास लाभला. त्यातील मुख्य गीताच्या चित्रफितीत मीता वशिष्ठ या अभिनेत्रीने ट्रक चालविणाऱ्या स्त्रीची भूमिका केली आहे. छळाचा संसार सोडून वाहनचालक झालेल्या एका स्त्रीच्या खऱ्या हकीकतीवरून ती सुचली होती.

या गीताचा विशेष असा की, ते रडत नाही. छळाविषयीच्या गीतांत बहुधा स्त्रीचे अश्रूच दाखविले जातात. ऐकणारास दया येते आणि दया काही वेळाने ओसरते. येथे मात्र छळातून बाहेर पडल्यावरही आयुष्य आहे, कष्ट आहेत आणि आनंदही आहे, असे दाखविले आहे. सोसणाऱ्या स्त्रीस दयेपेक्षा अशा भरवशाची गरज अधिक असते.

याच संस्थेने २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ ही मोहीम काढली. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो. एखादा मुलगा किंवा पुरुष त्या दाराची घंटा वाजवितो आणि काहीतरी क्षुल्लक वस्तू मागतो. मारणारास कळते की, बाहेर कोणीतरी ऐकत आहे. जात्यावरच्या ओवीत सोसणारी बोलत होती; येथे ऐकणारास त्याचे कर्तव्य सांगितले आहे, आणि तेही पुरुषांस व मुलग्यांस.

आपल्या शाळेतील गीते

आता आपल्या शाळेकडे वळू. गीत जसे जुनी समजूत मोडते, तसेच ते ती जपतेही. आश्विनात मुली भोंडल्याची वा हादग्याची गाणी म्हणतात. माहेरी जाऊ इच्छिणाऱ्या सुनेस सासू एकामागून एक अटी घालते, अशी गाणी त्यांत आहेत. काहींत मारहाणीचा उल्लेखही हसतखेळत येऊन जातो. ही गाणी बंद करावीत असे नव्हे. तो आपला ठेवा आहे. परंतु गाणे झाल्यावर ‘या सुनेस माहेरी जाण्यास परवानगी का मागावी लागते?’ एवढा एक प्रश्न शिक्षिकेने विचारला, तर तेच गाणे पाठ होऊन जाते.

स्नेहसंमेलनातील नृत्यगीतांविषयी अधिक दक्षता हवी. मुलीने नकार दिला तरी तिचा पाठलाग करीत राहावे, असे सुचविणारी चित्रपटगीते लहान मुलांकडून बसवून घेतली जातात. बसविणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. मुलगे मात्र त्यातून नकाराचा अर्थ चुकीचा शिकतात.

गीत संपल्यानंतर

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगावयाची आहे. वर्गातील कोणत्या मुलाच्या घरी काल रात्री काय घडले, हे शिक्षकास ठाऊक नसते. छळाविषयीचे गीत चालू असता एखादी मुलगी गायची थांबते, एखादा मुलगा सुटीनंतर घरी जाण्यास टाळाटाळ करतो. गीताने त्यांच्या मनाचे दार उघडलेले असते. त्या दारापाशी कोणी उभे नसेल, तर ते मूल पूर्वीपेक्षा अधिक एकटे पडते. स्त्री मुक्ती संघटनेने गीते गायिली, तशीच कौटुंबिक सल्लाकेंद्रेही चालविली. शिक्षकांनी या उदाहरणातून नेमका हाच बोध घ्यावा.

यास्तव पुढील सूचना पाळाव्यात.

१. मुलास सर्वांसमोर प्रश्न विचारू नये. एकांतात पण उघड्या जागी, सावकाश ऐकून घ्यावे. ‘कोणास सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘जे मदत करू शकतील त्यांनाच सांगेन’ एवढेच म्हणावे.

२. ऐकलेले लगेच घरी जाऊन पालकांस सांगू नये. त्याने आईवरचा वा मुलावरचा धोका वाढू शकतो.

३. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये केवळ मारहाणच नव्हे, तर लैंगिक, शाब्दिक, मानसिक व आर्थिक छळ हाही हिंसाचार होय. असा प्रकार घडल्याची कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देऊ शकते. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर जबाबदारी येत नाही.

४. पूर्वीचे कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली.

५. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या संरक्षण अधिनियमाप्रमाणे पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. तेथे शाळेची अब्रू हा विचार आड येऊ देऊ नये.

६. बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहावेत.

पाठाची रूपरेषा (इयत्ता ६ वी ते ८ वी, दोन तासिका)

पहिल्या तासिकेत मुलांनी आपल्या आजीकडून किंवा शेजारच्या वृद्ध स्त्रीकडून ऐकून आणलेली एकेक ओवी वा हादग्याचे गाणे वर्गात म्हणावे. शिक्षकाने तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत : गाण्यात कोण बोलत आहे? ती कोणास सांगत आहे? ज्याने ऐकावयास हवे, तो ऐकत आहे काय? मुलांस स्वतःच्या घरातील प्रसंग सांगण्यास मात्र कदापि सांगू नये.

दुसऱ्या तासिकेत चार-पाच जणांच्या गटांनी, मुलगे व मुली मिळून, ओळखीच्या चालीवर चार ओळी स्वतः रचाव्यात. विषय ‘ऐकणाऱ्याने काय करावे’ हा असावा. शब्द ओबडधोबड असले तरी चालतील. शिक्षकाने सुधारण्याची घाई करू नये. तासिकेच्या शेवटी वरील तीन क्रमांक मुलांच्या वहीत उतरवून घ्यावेत व ते केव्हा वापरावेत हे समजावून सांगावे.

ही गीते पालकसभेत म्हणविली, तर त्या सभेस माता व पिता दोघेही उपस्थित असतील असे पाहावे. ज्या ओव्या पूर्वी फक्त जात्याने आणि जावेने ऐकल्या, त्या आता घरातील पुरुषांनीही ऐकाव्यात आणि ऐकून उठावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.