घोडी म्हणजे गाय नव्हे

लोधीखेड्यात गाय सगळ्यांना कळते. हा मुलूख गवळाऊ गाईंचा. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, हे इथं पोरंसुद्धा सांगतात. त्याच भरवशावर मी माझ्या घोडीचं नुकसान करून बसलो.

वरातीची घोडी. तिला एक शिंगरू व्हावं म्हणून फेब्रुवारीत लावून आणली. २४ दिवस झाले तरी माजाची खूण दिसेना. घोडीचा फेरा साधारण २१ दिवसांचा, म्हणून मला वाटलं, काहीतरी बिघडलं. गाईंना सुया टोचणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला बोलावलं. “भाऊ, एक सुई मारतो, चार दिवसांत येते माजावर,” तो म्हणाला. सुई प्रोस्टाग्लँडिनची. घोडी घामानं निथळली, बराच वेळ पोटाकडे वळून वळून पाहत राहिली. चौथ्या दिवशी माजावर आली. त्याच दिवशी बीज सुटावं म्हणून एचसीजीची दुसरी सुई दिली आणि दुसऱ्या सकाळी घोडा दाखवला. माज आठवडाभर चालला. गाभ राहिला नाही.

शेवटी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. तिथल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “२४ दिवस माजावर आली नाही, तेव्हा गाभण आहे का हे पाहिलं होतं?”

पाहिलं नव्हतं. माज न येणं ही गाभण असल्याची पहिली खूण, आणि प्रोस्टाग्लँडिनची सुई कोवळा गर्भ उतरवते. पोटात शिंगरू होतं की नव्हतं, ते आता कोणीच सांगू शकत नाही. मी ते होतं असंच धरून चालतो.

म्हणून सांगतो, सोनोग्राफीशिवाय सुई देऊ नका. गाईचा माज दिवसभराचा, आणि बीज सुटतं माज संपल्यावर. घोडीचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि बीज सुटतं तो संपायच्या एक-दोन दिवस आधी. एचसीजी काम करते ती बीजाची पुटी साधारण ३५ मिलिमीटरची झाली असेल आणि गर्भाशयाला सूज दिसत असेल तेव्हाच. मग बहुतेक घोड्यांचं बीज दीड ते दोन दिवसांत सुटतं. माझ्यासारखी पहिल्याच दिवशी दिली तर पुटी लहान असते, सुई वाया जाते. एकाच हंगामात पुन्हापुन्हा टोचली तर काही घोड्यांचं शरीर तिला जुमानेनासं होतं. हिवाळ्यात अनेक घोड्यांचं बीजाशय झोपलेलं असतं. तेव्हा लग्नसराईच्या घाईनं सुया मारून उपयोग नाही, दिवस मोठे होऊ द्यावे लागतात.

प्रोस्टाग्लँडिनचं आणखी एक. गर्भार बाईनं किंवा दम्याच्या माणसानं ती बाटली हाताळू नये. औषध कातडीतून अंगात जातं. आमच्याकडे त्या दिवशी बाटली सुनेच्या हातात होती. ती गर्भार नव्हती, एवढंच आमचं नशीब.

आता गोठ्याच्या खुंटीला वही टांगली आहे. माजाचा पहिला दिवस, लावल्याची तारीख, सुईचं नाव, सगळं तिच्यात लिहितो. बीज सुटल्यापासून १४ ते १६ दिवसांत नागपूरची फेरी ठरलेली. त्या वेळी जुळं दिसलं तर डॉक्टर एका गर्भाची पुटी दाबून फोडतात. उशीर झाला तर ते जमत नाही, आणि घोडीला जुळं क्वचितच पेलतं. यंदाची तारीख वहीत लिहिली आहे. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलंय.