‘अयान’ हे नाव ठेवताना

आपल्या घरातील तीन पिढ्यांची नावे एकाखाली एक लिहून पाहा. आजोबा अब्दुल रहमान किंवा निजामुद्दीन, वडील सलीम किंवा जावेद, आणि नातू अयान. उमरेड मार्गावरील ताजबागेत विसावलेले हजरत बाबा ताजुद्दीन (१८६१–१९२५) यांच्या नावाचा अर्थ ‘धर्माचा मुकुट’. अशा लांब, भारदस्त नावांची जागा आता दोन-तीन अक्षरांच्या नावांनी घेतली आहे. त्यात गैर काही नाही. ‘जैद’ हे नावही छोटेच आहे, आणि पवित्र कुरआनात नावाने उल्लेख झालेले ते एकमेव सहाबी आहेत (सूरह अल-अहजाब, आयत ३७).

तथापि ‘अयान’विषयी थोडे थांबावे लागते. “हे नाव कुरआनात आहे,” असे पालक मोठ्या श्रद्धेने सांगतात. कुरआनात आहे तो शब्द ‘अय्यान’. तो अलिफने लिहिला जातो आणि त्याचा अर्थ आहे ‘केव्हा?’ सूरह अल-कियामाच्या सहाव्या आयतीत पुनरुत्थानाचा दिवस केव्हा येणार, असे विचारणाऱ्या माणसाच्या तोंडी तो येतो. मुलाला ‘केव्हा’ म्हणून हाक मारावी, असे कोणत्याही आईला वाटणार नाही. शब्द कुरआनात असणे एवढेच पुरेसे असते, तर फिरऔनही कुरआनात आहे!

दुसरा शब्द ‘ऐन’ या अक्षराने सुरू होतो. त्याचा अर्थ डोळ्यांना स्पष्ट दिसणारे, उघड, प्रकट. उर्दूतील ‘अयाँ’ तो हाच. हा अर्थ निर्दोष आहे. अडचण अशी की देवनागरीत ‘अलिफ’ आणि ‘ऐन’ या दोहोंसाठी आपण एकच ‘अ’ लिहितो, त्यामुळे भेद कागदावरून पुसला जातो.

एका अक्षराने किती अंतर पडते, याचे उदाहरण हदीसमध्ये आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे नाव ‘आसिया’ होते. ऐन आणि साद या अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या त्या शब्दाचा अर्थ ‘अवज्ञा करणारी’. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते बदलून ‘जमीला’ ठेवले (सहीह मुस्लिम). फिरऔनच्या ईमानधारक पत्नीचे ‘आसिया’ हे नाव मात्र अलिफ आणि सीनने लिहितात, आणि आपल्या मुलींना ते आपण आनंदाने देतो. मराठीत दोन्ही नावे सारखीच दिसतात.

जुन्या नावांचीही आपण मोडतोड केलीच आहे. अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही नावे अल्लाहला सर्वाधिक प्रिय असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले. आपण मात्र नुसते ‘अब्दुल’ म्हणतो, म्हणजे ‘…चा दास’. कोणाचा, ते राहूनच जाते. नुसते ‘रहमान’ म्हणणे तर त्याहून अनुचित, कारण ते अल्लाहचेच नाव आहे.

नाव सातव्या दिवशी, अकीक्याबरोबर ठेवणे सुन्नत आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असली, तरी त्या नोंदीत बाळाचे नाव वर्षभरात विनाशुल्क भरता येते. तेव्हा नगरपरिषदेत जाण्यापूर्वी नाव अरबी अक्षरांत लिहून एखाद्या आलिमला दाखवावे. रोजेदारांसाठीच्या जन्नतच्या दाराचे नाव असलेले ‘रय्यान’ ऐकायलाही तितकेच नवे वाटते.

ज्यांच्या घरी अयान आधीच खेळतो आहे, त्यांनी चिंता करू नये, दाखलाही बदलू नये. मदरशाच्या हजेरीपटात त्याचे नाव ‘ऐन’ने लिहिले आहे ना, एवढे पाहून घ्यावे.