वीस बळींचे गणित
(विदर्भाच्या रणजी विजेतेपदाचा गोलंदाजीच्या अंगाने केलेला अभ्यास)

क्रिकेट हा फलंदाजांचा खेळ आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. लहान मुलाला विचारले तर तो शतके सांगतो, षटकार सांगतो. बळींचे आकडे क्वचितच सांगतो. परंतु चार किंवा पाच दिवसांच्या सामन्यात एक साधा नियम आहे. धावांचा डोंगर उभारला, तरी प्रतिपक्षाचे वीस गडी बाद केल्याशिवाय सहसा निर्णायक विजय मिळत नाही. धावा सामना हातात ठेवतात. जिंकून देतात ते बळी. हे तत्त्व ज्या स्पर्धेत अगदी स्पष्ट दिसले, ती २०१७-१८ची रणजी करंडक स्पर्धा होय. त्या वर्षी विदर्भाने इतिहासात प्रथमच हा करंडक जिंकला. तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि आनंदाने नाचलो होतो. आता थोड्या शांतपणे, तो विजय कसा घडला हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

साठ वर्षांची प्रतीक्षा

विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळत आहे. पहिले विजेतेपद मिळाले १ जानेवारी २०१८ रोजी. म्हणजे मध्ये साठ वर्षे गेली. या काळात मुंबईने कितीतरी वेळा करंडक नेला. विदर्भाने अंतिम सामन्यात पाऊलसुद्धा ठेवले नव्हते. आमच्याविरुद्ध सामना म्हणजे हमखास गुण, अशीच मोठ्या संघांची समजूत असावी. 'विदर्भ मागासलेला' हे वाक्य शेतीच्या बाबतीत आपण ऐकतो, उद्योगांच्या बाबतीत ऐकतो. खेळाच्या बाबतीतही ते खोटे म्हणता येत नव्हते.

२०१७-१८ मध्ये फैज फजल कर्णधार होता आणि चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते. फलंदाजीत मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकाचा गणेश सतीश यांची मोलाची मदत होती. त्यामुळे 'बाहेरचे खेळाडू आणून जिंकले' असे काही जण म्हणाले. त्यांना उत्तर देण्यासाठी अंतिम सामन्याचा गोलंदाजीचा तक्ता पुरेसा आहे. दिल्लीचे वीस गडी रजनीश गुरबानी, अक्षय वखरे, आदित्य सरवटे, सिद्धेश नेरळ आणि आदित्य ठाकरे यांनी घेतले. हे पाचही जण विदर्भाच्याच क्रिकेटमधून वर आलेले. जाफर-सतीश यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागेल की, करंडक जिंकणारे वीस बळी आपल्याच मुलांचे होते.

चेंडू, शिवण आणि टप्पा

गोलंदाजीचा विचार करताना प्रथम चेंडू समजून घेतला पाहिजे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील मोकळ्या भूखंडांवर रविवारी आपण जे क्रिकेट पाहतो, ते टेनिसच्या चेंडूचे. तो चेंडू हलका असतो, त्याला उंच उठावदार शिवण नसते. त्यामुळे त्या खेळात गोलंदाजाचा सारा भर वेगावर असतो. कातडी चेंडूचे शास्त्र वेगळे आहे. त्याच्या मधोमध दोऱ्याची शिवण असते. ही शिवण उभी ठेवून, एक बाजू घासून चकचकीत राखून चेंडू टाकला, तर तो हवेत एका बाजूला वळतो; यालाच स्विंग म्हणतात. तीच शिवण खेळपट्टीवर आपटली, तर टप्पा पडल्यावरही चेंडू आत किंवा बाहेर जातो.

पण चेंडू नुसता वळून भागत नाही. टप्पा आखूड पडला, तर फलंदाजाला मागे सरून पाहायला वेळ मिळतो. फार पुढे पडला, तर तो सरळ बॅटीवर येतो. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी असते की, पुढे जावे की मागे राहावे हे फलंदाजाला ठरवता येत नाही. त्या जागेवर, ऑफ स्टंपच्या रोखाने, षटकामागून षटक चेंडू टाकत राहणे ही खरी गोलंदाजी. हे सांगायला सोपे आहे. पण एका षटकात सहा वेळा आणि दिवसात वीस-वीस षटके ते करणे म्हणजे तपश्चर्याच आहे.

या बाबतीत उमेश यादवचे उदाहरण बोलके आहे. खापरखेड्याजवळच्या वलनीत वाढलेला, कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा. वयाच्या एकोणीस-विसाव्या वर्षापर्यंत तो टेनिसच्या चेंडूनेच खेळत होता. वेग त्याच्याजवळ उपजत होता. शिवण आणि टप्पा त्याने नंतर शिकून घेतले. भारताचे माजी गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी यांचे त्याला मार्गदर्शन लाभले. २००८ मध्ये तो रणजी सामना खेळला आणि २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. विदर्भाच्या मुलाला वेगवान गोलंदाज होता येते, हा विश्वास त्याच्यामुळे आला. गुरबानीची पिढी त्या विश्वासावर उभी राहिली.

कोलकाता : पाच धावांचा विजय

उपांत्यपूर्व फेरीत सुरत येथे विदर्भाने केरळला ४१२ धावांनी हरवले. पहिल्या डावात गुरबानीने ३८ धावांत पाच गडी घेतले होते. परंतु खरी कसोटी पुढेच होती. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना झाला.

विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत संपला. कर्नाटकाने ३०१ धावा केल्या. त्यांत करुण नायरच्या १५३ होत्या. म्हणजे विदर्भ ११६ धावांनी मागे पडला. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. तेव्हा विदर्भापुढे एकच मार्ग उरला : दुसऱ्या डावात पुरेशा धावा करायच्या आणि कर्नाटकाचे दहाही गडी बाद करायचे. नऊ बाद करून उपयोग नव्हता.

दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या. गणेश सतीशच्या त्यात ८१ होत्या. कर्नाटकाला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. चौथ्या दिवसाअखेर त्यांची स्थिती सात बाद १११ होती. पाचव्या दिवशी सकाळी विदर्भाला तीन गडी हवे होते, कर्नाटकाला ८७ धावा. सोपे वाटणारे काम कठीण होऊ लागले. विनय कुमारने ३६ धावा केल्या, अभिमन्यू मिथुनने ३३. श्रेयस गोपाल एक टोक धरून उभा होता. अंतर कमी कमी होत गेले. अखेर कर्नाटकाचा डाव १९२ धावांत आटोपला आणि विदर्भ अवघ्या पाच धावांनी जिंकला. त्या सकाळचे तीनही बळी गुरबानीने घेतले.

दुसऱ्या डावात गुरबानीने ६८ धावांत सात गडी घेतले, पहिल्या डावात ९४ धावांत पाच. सामन्यात १६२ धावांत बारा बळी. एका बळीमागे साडेतेरा धावा. शेपटाच्या फलंदाजांसमोर धावा कमी उरल्या असताना गोलंदाजाला काहीतरी वेगळे करून पाहण्याचा मोह होतो. तो आखूड टाकतो, चौकार जातो आणि सामना हातून निसटतो. तो मोह आवरणे हे त्या सकाळचे मोठे काम होते.

इंदूर : हॅट्ट्रिक आणि तिच्यामागचे कष्ट

अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ पासून इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध झाला. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेल्याने खेळू शकला नाही. त्याच्या जागी आदित्य ठाकरे या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेण्यात आले. त्याचा प्रथम श्रेणीचा पहिला सामना, तोही रणजीचा अंतिम सामना! आमच्या वयाच्या वाचकांनी याची कल्पना करून पाहावी. त्याने पहिल्या डावात दोन गडी बाद करून निवड सार्थ ठरवली.

फजलने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. ध्रुव शोरीने १४५ आणि हिम्मत सिंगने ६६ धावा केल्या. पहिल्या दिवसाअखेर दिल्लीच्या सहा बाद २७१ धावा झाल्या होत्या. शोरी खेळत असल्याने साडेतीनशेचा पल्ला शक्य दिसत होता. दुसऱ्या दिवशी मात्र दिल्लीला केवळ २४ धावांची भर घालता आली. गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांना बाद केले व आपल्या पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर शोरीला. हॅट्ट्रिक पूर्ण झाली! रणजीच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी पूर्वी एकदाच झाली होती. १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने मुंबईविरुद्ध केली होती. गुरबानीने ५९ धावांत सहा गडी घेतले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हॅट्ट्रिकमधील तीनही फलंदाज त्रिफळाचीत झाले. झेलासाठी दुसऱ्याचे हात लागतात, पायचीतसाठी पंचांचा निर्णय लागतो. त्रिफळा उडवायला कोणाचीच मदत लागत नाही. चेंडू यष्टींच्या रोखाने ठेवल्याचा हा रोख मोबदला होता.

पुढे विदर्भाने ५४७ धावा केल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या, तर सरवटे (७९) आणि नेरळ (७४) यांनी गोलंदाज असूनही बॅट चालवली. दिल्लीचा दुसरा डाव २८० धावांत संपला आणि २९ धावांचे लक्ष्य विदर्भाने नऊ गडी राखून गाठले.

सरासरी काय लपवते ?

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला शिकवले आहे की, सरासरी काही सांगते आणि काही लपवते. गुरबानीने त्या मोसमात ३९ बळी घेतले, १७.१२च्या सरासरीने. आकडे उत्तमच आहेत. परंतु उपांत्य व अंतिम असे दोन सामने एकत्र घेतले, तर विदर्भाने चाळीस गडी बाद केले आणि त्यांतील गुरबानीचे वीस आहेत. नेमके निम्मे! मग उरलेले निम्मे कोणाचे ?

कर्नाटकाच्या पहिल्या डावात उमेशने चार गडी घेतले होते. दिल्लीच्या दुसऱ्या डावात गुरबानीला ९२ धावा मोजून दोनच बळी मिळाले. तेथे ऑफ स्पिनर वखरेने ९५ धावांत चार आणि डावखुऱ्या सरवटेने केवळ ३० धावांत तीन गडी टिपले. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाला वखरेचा चेंडू आत येतो, सरवटेचा बाहेर जातो. षटक बदलले की फलंदाजाला आपला सारा विचार उलटा करावा लागतो. एका टोकाकडून धावा निघेनाशा झाल्या की फलंदाज दुसऱ्या टोकाला धोका पत्करतो आणि बळी तिकडच्या गोलंदाजाच्या नावावर लागतो. धावफलकात बाद करणाऱ्याचे नाव येते. कोंडी करणाऱ्याचे येत नाही. गोलंदाजी ही जोडीने ओढायची गाडी आहे, एक बैल कितीही जोरदार असला तरी.

पुढील दोन विजय

पहिला विजय योगायोग नव्हता, हे दुसऱ्याच वर्षी सिद्ध झाले. जानेवारी २०१९ मध्ये वायनाडला केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात उमेश यादवने ४८ धावांत सात आणि ३१ धावांत पाच गडी घेतले; सामना दोन दिवसांतच संपला. फेब्रुवारीत जामठा येथे सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात सरवटेने १५७ धावांत अकरा बळी मिळवले. चेतेश्वर पुजारासारख्या कसोटीवीराला त्याने दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. म्हणजे पहिल्या वर्षी जे काम स्विंगने केले, ते दुसऱ्या वर्षी फिरकीने केले. नायक बदलला, पद्धत तीच राहिली.

तिसरा करंडक २ मार्च २०२५ रोजी जामठ्यालाच मिळाला. केरळविरुद्धचा हा सामना अनिर्णित राहिला. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळने ३४२ धावांचे उत्तर दिले आणि ३७ धावांची आघाडी निर्णायक ठरली. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या वीस बळींच्या नियमाला हा अपवाद. तरी पहिल्या डावातील दहा बळी येथेही घ्यावेच लागले. त्यांतील नऊ जोडीने नव्हे, तिघांनी वाटून घेतले : हर्ष दुबे, दर्शन नळकांडे आणि पार्थ रेखडे, प्रत्येकी तीन. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेऊन एका रणजी मोसमातील तोवरचा विक्रम मोडला. गंमत अशी की, केरळकडून त्या डावात ७९ धावा करून झुंजला तो आदित्य सरवटे. इंदूरला त्याने विदर्भासाठी केलेल्या धावाही तेवढ्याच होत्या! तो केरळकडे गेला होता, गुरबानी महाराष्ट्राकडे. दोघेही नसताना विदर्भ जिंकला, यावरून पद्धत किती रुजली होती हे दिसते.

समारोप

या अभ्यासातून मला तीन गोष्टी दिसल्या. पहिली, विजय हा एखाद्या चमत्काराच्या चेंडूने मिळत नाही. योग्य टप्प्यावरच्या शेकडो साध्या चेंडूंनी मिळतो. दुसरी, दुसऱ्या टोकाचा माणूस आपल्या यशाचा निम्मा धनी असतो. तिसरी, उपजत वेग ही देणगी असली तरी टप्पा शिकता येतो. आणि तो वलनीच्या मुलाने शिकला, तसा कोणत्याही गावच्या मुलाला शिकता येतो.

साठ वर्षे विदर्भाला कोणी गोलंदाजीचे गाव म्हटले नव्हते. आज आपल्या भूखंडांवर टेनिसच्या चेंडूने वेगात धावत येणारी मुले आहेत. त्यांना कातडी चेंडू, एक सपाट पट्टी आणि टप्प्यावर खूण करून 'येथे टाक' असे रोज सांगणारा कोणीतरी मिळाला पाहिजे. आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाने आठवड्यातून दोन संध्याकाळी एवढे केले, तरी पुष्कळ होईल. खूण करायला खडू पुरतो.