मोत्या चोर होता का?



कुत्रा हा इमानी प्राणी आहे, असे आपण पुस्तकात वाचतो. पण कुत्र्याला आपल्यासारखे मन असते का? त्याला राग, भीती, लाज कळते का? याचा विचार मला करावा लागला, कारण माझ्या हातून एक चूक झाली.

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आहे. आजी कोंबड्या पाळते. अंडी विकून ती मला वह्या घेऊन देते. दिवाळीच्या सुट्टीनंतर खुराड्यातली अंडी नाहीशी होऊ लागली. तिथे टरफले पडलेली असायची आणि मोत्या जवळच बसलेला असायचा. मी ओरडलो, "मोत्या, अंडी कुणी खाल्ली रं?" त्याने कान पाडले, शेपूट पायात घातली आणि तोंड फिरवले. मी म्हणालो, "बघ आजी, त्याचं तोंडच सांगतंय. ह्योच चोर!" आणि मी त्याला फोकाने मारले. तो कुंई कुंई करीत गोठ्यात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्याला खांबाला बांधले. तरी अंडी गेलीच. तिसऱ्या दिवशी आजीने स्वतः पाहिले. कुंपणातून मुंगूस आले आणि खुराड्यात शिरले! मला फार वाईट वाटले. पण एक कोडेही पडले. मोत्याने अंडी खाल्लीच नव्हती, तर त्याने चोरासारखे तोंड का केले?

मी बाईंना विचारले. त्यांनी आम्हाला एका प्रयोगाची माहिती सांगितली. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाई आहेत. त्यांनी १४ कुत्र्यांवर प्रयोग केला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. मालकाने कुत्र्याला "हा खाऊ खायचा नाही" असे सांगून बाहेर जायचे. मागे कधी कुत्र्याला खाऊ दिला जाई, कधी तो उचलून ठेवला जाई. मालकाला मात्र कधी खरे सांगत, कधी खोटे. "खाल्ला" असे कळले की मालक कुत्र्याला रागवायचा. तेव्हा काय दिसले? मालक रागावला की खाऊ न खाल्लेला कुत्राही अपराधी तोंड करी. उलट न खाता बोलणी बसली, तर जास्तच!

म्हणजे मोत्या "मी चोरी केली" असे सांगत नव्हता. तो माझ्या रागाला भ्याला होता.

मग कुत्र्याला भावनाच नसतात का? असतात. जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवले, की कुत्रा व मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचा पदार्थ वाढतो. आई आणि बाळ यांच्यातही तो वाढतो. ऑस्ट्रियात २००८ साली असे दिसले, की दोन कुत्र्यांनी पंजा दिला आणि खाऊ एकालाच मिळाला, तर दुसरा थोड्या वेळाने पंजा देणेच सोडतो.

यावरून मला असे वाटते, की भीती, आनंद, माया हे कुत्र्याला आपल्यासारखेच होत असावे. पण "माझे चुकले" हे त्याच्या तोंडावरून ओळखता येत नाही.

आम्हा मुलांचेही असेच होते. कोणी मोठ्याने ओरडले की चूक नसली तरी मान खाली जाते. तेव्हा मान खाली घातली म्हणजे त्यानेच केले, असे समजू नये. आधी नीट चौकशी करावी.

आजीने आता खुराड्याला जाळी लावली आहे. मी मोत्याला माझ्यातली अर्धी भाकरी दिली. त्याने शेपूट हलवली. पण मी फोक हातात घेतला, की तो अजून लांब पळतो. म्हणून मी तो फोक मोडून चुलीत घातला.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी