सीडी लिहिण्याच्या प्रणालीची नवी आवृत्ती घ्यावी काय?

प्रश्न : घरच्या कॅसेटींवरील अभंग व लावण्या संगणकावर उतरवून मी सीडीवर भरतो. माझ्याकडे ‘निरो’ या सीडी लिहिण्याच्या प्रणालीची जुनी आवृत्ती आहे. नवी विकत घेतल्यास आवाज सुधारेल काय?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : शाहीर अनंत फंदींच्या गावी लावण्या इतक्या आस्थेने जपल्या जात आहेत, याचा मनापासून आनंद वाटला, परंतु नव्या आवृत्तीने आवाज सुधारतो हा समज निराधार आहे, कारण सेकंदास ४४,१०० नमुने व दर नमुन्यास १६ बिट हे १९८० साली ठरलेले ध्वनी-सीडीचे मानक आजही कायम असल्यामुळे, जुनी आवृत्ती जे लिहिते तेच नवीही लिहिते. गुणवत्तेचा खरा निवाडा कॅसेट संगणकावर उतरविताना होतो. तेथे एमपीथ्रीऐवजी वेव्ह अथवा फ्लॅक स्वरूप राखावे, कारण एमपीथ्रीत एकवार गाळला गेलेला ध्वनी पुनश्च प्राप्त होत नाही. नव्या विंडोजवर आपली आवृत्ती चालेनाशी झाली, तरच बदलाची तजवीज करावी. तेव्हाही विंडोज मीडिया प्लेअरमधील सीडी लिहिण्याची सोय प्रथम अजमावण्यास हरकत नाही. घरी लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्य ऊन व उष्म्याने बिघडते. सबब तूर्त नव्या आवृत्तीसाठीचा पैसा ध्वनीची प्रत राखण्यासाठी बाह्य हार्ड डिस्कवर खर्चावा, आणि मूळ कॅसेटी कृपया टाकू नयेत.