पळस फुलला, पाखरे मोजूया

शास्त्रवाचन : अनुवाद २२:६-७, यिर्मया ८:७, निर्गम २०:१६



फाल्गुन लागला की आपल्या जालना जिल्ह्यात बांधाबांधावर पळस फुलतो. शाळूची काढणी चाललेली असते. अशा वेळी सकाळी भोरड्यांचे मोठे थवे पळसावर उतरतात. अंग गुलाबी, डोके आणि पंख काळे. पळसमैना हे त्यांचेच दुसरे नाव. फुलातला मध पिऊन आणि शेतातले दाणे टिपून त्या एप्रिलपर्यंत परत निघतात, ते थेट मध्य आशियाकडे. तिथे त्या टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्ले वाढवतात. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर टोळ कमी व्हावेत म्हणून लोक त्यांच्यासाठी मुद्दाम घरटी बांधतात. आपण ज्यांना गोफणीने हाकलतो, त्यांची तिकडे वाट पाहिली जाते.

याच दिवसांत पैठणच्या नाथसागरावरून पट्टकदंब हिमालय ओलांडायला निघतात. आमराईत कोकीळ ओरडू लागतो. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागतो. टिटवी उघड्या माळावर खड्यांतच अंडी घालते. पक्षीनिरीक्षक हे सारे वहीत टिपून ठेवतात. अशा हौशी लोकांच्या नोंदींना किती मोल आहे ते पाहा. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि गवताळ, मोकळ्या माळावरचे पक्षी घटत असल्याचे दिसून आले. म्हणजे आपल्याच भागातले.

गेल्या फाल्गुनात मी पारधी वस्तीवरची सहा मुले घेऊन घाणेवाडी तलावाकडे गेलो. शहरातले एक पक्षीनिरीक्षक सोबत होते. दुर्बीण एकच होती. वाटेत तितर बोलला. आम्ही दोघे मोठी माणसे दुर्बीण फिरवत राहिलो. बारा वर्षांचा एक मुलगा हळूच म्हणाला, “भाऊ, दोन आहेत. एक बांधाच्या अलीकडं, एक त्या बाभळीखाली.” आम्ही थांबलो. खरोखर दोन निघाले. निरीक्षकांनी कौतुकाने विचारले, “तुला कसं रे कळलं?” पोराने मान खाली घातली आणि नंतर बोललाच नाही. परतताना मला एकट्याला म्हणाला, “घरी सांगितलंय भाऊ, पाखराचं काही येतं असं कुणाला सांगायचं नाही. मग लोक संशय घेतात.”

त्या रात्री मला झोप लागली नाही.

फासेपारधी हा फाशांनी तितर-लावे धरणारा समाज. पाखराचा आवाज, चाल, वेळ हेच त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची वाट पाडली. पारध्यांवरही तो शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायद्याने पुसला गेला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ती बंद व्हायलाच हवी होती. मात्र धंदा गेला, जमीन कधी नव्हतीच आणि हाती उरलेली विद्या लपवण्याची गोष्ट झाली.

आता अनुवादातला शास्त्रभाग पाहा. वाटेत घरटे सापडले आणि मादी अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर तिला धरायचे नाही, सोडून द्यायचे. इतक्या लहान आज्ञेला देवाने कल्याणाचे आणि दीर्घायुष्याचे वचन जोडले आहे. हेच वचन आईबापांचा मान राखणाऱ्यालाही आहे. आणि फासेपारध्यांची रीत काय होती? फाशात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडसे ते सोडून देत, असे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी नोंदवले आहे. ज्यांना जगाने गुन्हेगार म्हटले त्यांच्या रीतीत ही दया होती. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना रानातल्या माणसांकडूनच पाखरांची नावे आणि सवयी शिकले. तो ठेवा त्यांच्या ‘पक्षिकोशा’त आला.

म्हणून यंदा आपल्या बालसभांनी वहीत पाखरांची नोंद ठेवावी. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असाव्यात : तारीख व वेळ, जागा, पाखराचे नाव (वस्तीवरचे नावही), किती दिसले आणि काय करत होते. नुसता आवाज ऐकला असेल तर ‘ऐकला’ असेच लिहावे. दुसऱ्याने सांगितले असेल तर तसे लिहावे. खात्री नसेल तर नाव न लिहिता वर्णन करावे. घरट्याजवळ जाऊ नये, अंड्यांना हात लावू नये आणि घरट्याची जागा चारचौघांत सांगू नये.

हे नियम म्हणजे नवव्या आज्ञेचाच सराव आहे : खोटी साक्ष देऊ नये. खोट्या साक्षीने काय होते, हे पारधी वस्तीला शिकवावे लागत नाही. त्यांच्या मुलाने खरी साक्ष लिहावी आणि ती त्याच्या नावाने मानली जावी, यात मला सुवार्तेचे काम दिसते.

वस्तीवरच्या एका आजोबांना मी विचारले, पूर्वी माळावर पहाटे किती तितर बोलायचे? ते हसले. “मोजायचे कशाला, भाऊ? झोप मोडायची.” हे वाक्य मी त्या मुलाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घेतले, आजोबांच्या नावासह. दुसऱ्या पानावर त्याने स्वतः लिहिले : तितर, दोन, ऐकले आणि पाहिले.

यिर्मया सांगतो की आकाशातल्या पाखरांना आपल्या येण्याजाण्याची वेळ कळते, पण देवाच्या लोकांना त्याचा न्याय कळत नाही. भोरड्या वेळेवर निघतील. आपली वेळ आपण ओळखावी.

विचारार्थ प्रश्न
१. आपल्या मंडळीत कोणाचे ज्ञान आपण संशयाने पाहतो?
२. पूर्वी गावात दिसणारे आणि आता न दिसणारे एखादे पाखरू आठवा. वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारा.

प्रार्थना : हे देवबापा, तुझ्या पाखरांकडे पाहण्याची दृष्टी दे आणि ज्यांना ती आधीपासून आहे त्यांचे ऐकून घेण्याची नम्रताही दे. आमेन.